सुनेला हात आला नाय

गणपतीचा खांदा निखळला की जिला हाक मारायचे, ती बाई मी. आता कोणी हाक मारत नाय. आता माझेच खांदे निखळलेत. नात म्हणाली, आज्जे, दिवाळीच्या अंकाला कामाच्या आठवणी पायजेत, तू सांग, मी लिहिते. म्हटलं लिही, पण मी बोलते तसं लिही, मधेमधे शहाणपण घालू नको. शाळेत मी दुसरीपर्यंत गेले, ती पण घरात सांभाळायला धाकटं पोर नसलं की.

घर आमचं जोहे गावाच्या अंगाला, खारापाटात, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत. नवरा मिठागरावर. मिठागरवाल्याचे पाय तुम्ही बघितले असतील तर सांगायला नको. टाचेला भेगा, भेगेत मीठ, आणि ते मीठ झोपू देत नाय. तो काविळीनं गेला. त्याच सालात बांध फुटला, खाडी आत आली, मिठागर पण गेलं. जायचं ते एकदमच गेलं. एक प्रकारे बरं, दोनदा रडावं लागलं नाय. पदरात दोन पोरं. जोह्यात तात्यांचा गणपतीचा कारखाना होता, तिथं घासायला लागले.

कारखाना म्हटलं की कंपनीवाले धुराडं शोधतात. आमचा कारखाना म्हंजे बांबूचा मांडव, वर प्लास्टिकचा कागद, आत ओळीनं गणपती. कोणाला सोंड नाय, कोणाला डोळे नाय. साच्यातनं मूर्ती निघते तेव्हा तिच्या अंगावर जोडाची शीर असते, ती काचकागदानं घासायची. ते बायांचं काम. डोळे आखायचं काम बाप्यांचं. ते मला कधी दिलं नाय, मी मागितलं पण नाय. माझा हात बसला तो जोड भरण्यात. काथ्या प्लास्टरात बुडवायचा, जोडावर दाबायचा, वाळला की घासायचा, वर रंग. जोड दिसला नाय की काम चांगलं. म्हंजे माझं काम चांगलं झालं तर ते कोणाला दिसायचं नाय, असलं ते काम.

नव्वदच्या पुढची गोष्ट. रोह्याच्या एका मंडळाची माणसं तात्यांकडं आली. मुंबईत कुठंतरी हलता गणपती बघून आलेली, डोळ्यांत तेच. त्यांचा जो मुख्य होता त्याला सगळे दादा म्हणायचे, मी पण दादाच म्हणते. दादा म्हणाला, "तात्या, मूर्ती दोन माणूस उंच. आणि माणूस पाया पडला की बाप्पानं हात वर करून आशीर्वाद द्यायचा."

तात्या म्हणाले, "हात काय आपोआप जाईल वर?"

"ते तुम्ही बघा. कारखाना तुमचा."

तात्यांनी हात वेगळा ओतला, खांद्यात लोखंडी दांडी घातली, वरून शेला टाकला. पण हलता जोड रोज तडकणार, रोज भरायला लागणार. म्हणून मूर्तीबरोबर मला पाठवली. टेम्पोत पेंढा घालून गणपती आडवा निजवला, त्याच्या उशाला मी. रोह्याला पोचेपर्यंत माझी एक बाजू बधिर झाली होती, पण सोंडेला ओरखडा नव्हता.

पहिल्या वर्षी यंत्र नव्हतं. यंत्र मी होते. पडद्यामागं पाटावर बसायचं, दोरी धरायची, माणूस वाकला की ओढायची. मला माणसं दिसत नसत, पडद्याखालच्या फटीतनं फक्त पाय दिसत. पायांवरून मी ओळखायला लागले. हा मिठागरावरचा. हा कंपनीतला, बुटात राहून पांढरा पडलेला. ही नवी नवरी, जोडवी रुततायत म्हणून बोटं आखडलेली. मी सगळ्यांना ओढायची. दंड सुजले. लोकांना माहीत होतं मागं कोणीतरी बसलंय. पोरं ओरडायची, "ओढा मावशी ओढा!" लोक हसायचे, नमस्कार करायचे, आरतीला थांबायचे, भजनाला फतकल मारून बसायचे. ती मजा होती. देव बाजूला होता, पूजेची मातीची लहान मूर्ती, भटजींनी प्राण घातलेली. हा मोठा हलता होता तो नुसता देखावा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर ठाऊक होतंच, मी त्याला घासलेला.

दुसऱ्या वर्षी नव्या मूर्तीबरोबर मी परत गेले, आणि तिथं इकबाल आला. पुलापलीकडं अष्टमी गावात त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. पोरगा हुशार, बोलताना सारखा स्क्रूड्रायव्हर कानामागं खोचायचा. त्यानं ट्रकची काच पुसायच्या दांडीची मोटर आणली, ती खांद्यामागं बसवली. आणि पुढं पाटाच्या दोन बाजूंना दोन मोठ्या समया उभ्या केल्या. एका समईच्या पोटात बारका बल्ब, समोरच्या समईत उजेड ओळखणारा डोळा. बल्बाचा उजेड डोळ्यावर पडत राहायचा. माणूस पाटावर डोकं टेकायला वाकला की उजेड तुटायचा, मोटर सुरू, हात वर, आणि मागची टेप बोलायची, "कल्याण असो!" तो आवाज मंडळातल्याच एका नाटकवाल्याचा. गंमत ही, की तोच नाटकवाला रांगेत उभा राहून, वाकून, स्वतःचाच आवाज हात जोडून ऐकायचा. डोळे मिटून. मी बघितलंय.

मी इकबालला म्हटलं, "मग आता माझं काम काय?"

"काकी, जोड तर भरायचाच हाय. बाकी बसा, आराम करा. दोरी गेली."

दोरी गेली आणि काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाय. दोरी होती तेव्हा लोक हसत होते. दोरी गेली तर हसणं थांबलं. मागं माणूस नाय, असं कळल्यावर लोकांना मागं देव दिसायला लागला.

आमच्याकडं कौल लावतात. देवीच्या अंगावर फूल नायतर तांदूळ चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं, उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नाय. लग्न, विहीर, घराची जागा, सगळं विचारून. तर रोह्याच्या माणसांनी ह्या गणपतीला कौल लावायला सुरुवात केली. पहिलं कोणी केलं माहीत नाय. कोणीतरी मनात काहीतरी धरून वाकला असेल, त्याला हात आला असेल. मग बोली पडली. "तुला हात आला?" "आला." "मला नाय आला गो." बाजारात, एसटी स्टँडवर, नळावर तेच.

आधी माणूस देवापुढं वाकायचा आणि उठून जायचा. देव त्याला काय बोलला ते त्याच्यापाशी. आता रांगेतले सगळे बघायचे. भजन बंद पडलं, कारण पेटी वाजली तर "कल्याण असो" ऐकू येत नाय. आरतीला माणूस कमी आणि रांगेला जास्ती. पूजेच्या खऱ्या मूर्तीपुढं कोणी नाय, भटजी एकटे घंटा वाजवायचे. एकदा मला म्हणाले, "यमुनाबाई, तुमच्या मोटरीनं माझा यजमान पळवला."

एक दारुडा होता, त्याला रोज हात यायचा. सावकाश वाकायचा ना बिचारा, पडू नये म्हणून. उठून रांगेला म्हणायचा, "बघा! बाप्पाला चालते!" दोन भाऊ आले, आतल्या गावचे, बांधावरून भांडण. थोरला वाकला, हात आला. धाकटा लगेच वाकला, नाय आला. धाकट्यानं तिथंच टोपी काढली, म्हणाला, "बांध तुझा, दादा." दोघं एकामागं एक निघून गेले. मी समईजवळ उभी होते, माझ्या हातात काथ्याची वाटी. मला वाटलं, हे बरं झालं का वाईट?

मी पण एकदा वाकले. दुपारी मांडवात कोणी नव्हतं. सकाळीच मी त्याचा खांदा भरला होता, माझ्याच बोटांना प्लास्टर होतं. तरी पुढं गेले आणि मनात धरलं, की नवरा जिथं हाय तिथं त्याच्या टाचा बऱ्या हायत का. वाकले. हात वर गेला, "कल्याण असो" झालं, आणि मी रडले. तो गेला तेव्हा एवढी रडले नव्हते. कोण रडलं, कशाला रडलं, मला कळलं नाय. मोटर मला माहीत, बल्ब मला माहीत. तरी.

आता वरशाच्या सुनेचं सांगते. ते तिसऱ्या वर्षी.

वरसे गाव रोह्याला लागूनच. तिथल्या पार्वतीबाई, माझ्यापेक्षा मोठ्या, अंगानं बारीक, बोलणं कडक. एकुलता मुलगा कंपनीत शिफ्टला. सून सुमन, आमच्या खारापाटातली. तिचा बाप माझ्या नवऱ्याबरोबर मिठागरावर होता, म्हणून मी तिला लहानपणापासून बघितलेली. बाप गेलेला, भाऊ दुसऱ्याच्या होडीवर. लग्नाला चार वर्षं झाली, पोर नव्हतं. घरात दुसरी बघायची बोलणी सुरू होती. पार्वतीबाई वाईट बाई नव्हत्या, हे मी आधीच सांगते. त्यांना कोणी भरीला घातलं होतं, कोणी जीव खाल्ला होता, त्यांना ठरवता येत नव्हतं. म्हणून त्या सुनेला घेऊन विचारायला आल्या. आणि येतायेता शेजारणींना सांगून आल्या, हेच चुकलं. चार बाया मागं आल्या.

पार्वतीबाई पुढं झाल्या, वाकल्या. हात वर गेला. त्या उठून बाजूला झाल्या आणि लगेच मागनं सुमन वाकली.

हात नाय आला.

पार्वतीबाई म्हणाल्या, "परत वाक."

सुमन घाबरलेली. पदर कपाळापर्यंत ओढला, लांबूनच, जरा कडेनं वाकली. हात नाय आला.

रांगेतनं कोणीतरी म्हणालं, "जवळ जा गो, जवळ."

पार्वतीबाईंनी हात आडवा केला. "नको. तिसऱ्यांदा विचारायचं नसतं." आणि सुनेकडं न बघता चपला शोधायला लागल्या. मागची बाई पुढं आली, वाकली, तिला हात आला. "कल्याण असो." सुमननं ते ऐकलं. मी तिचं तोंड बघितलं. मी पुढं जायला हवं होतं, पण गेले नाय. कारण मला पण वाटलं, नाय आला म्हंजे काय?

दुसऱ्या दिवशी सगळ्या रोह्यात एकच. "वरशाच्या सुनेला दोनदा हात आला नाय." आणि कळलं की गौरी गेल्या की तिला माहेरी पोचवणार, ती कायमची.

सकाळी इकबाल तेल घालायला आला तेव्हा मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "काकी, वाका." मी वाकले, हात आला. "आता लगेच परत वाका." वाकले. नाय आला.

"असं का रे?"

"हात वर जातो, थांबतो, खाली बसतो. तो खाली बसल्याबिगर मशीनला दुसरा माणूस दिसतच नाय. आंधळं असतं तेवढ्यात. आणि कडेनं वाकलं तर उजेड तुटत नाय. ह्याच्यात काय कौल नाय काकी, हा रिले हाय."

रिले काय असतो ते मला आजपण ठाऊक नाय. पण मी तिथंच समईला धरून उभी राहिले. कारण मला सगळ्या सुना दिसल्या. आमच्यात सासू पाया पडली की सून लगेच मागनं पडते. मागं रेंगाळली तर म्हणतील तोऱ्यात हाय. आणि वाकायचं ते अंग चोरून, कडेनं. म्हंजे मशीन सुनांना बघतच नव्हतं. दोन वर्षं एकाही सुनेला हात आला नसेल, तिनं मान ठेवला म्हणून.

मी दादाकडं गेले. सांगितलं, हे सुधारा, नायतर बोर्ड लावा.

दादा म्हणाला, "यमूबाय, देखावा हाय तो. लोकांना अक्कल नाय त्याला मी काय करू?"

"मग सांगा ना तसं माइकवर."

"सांगितलं तर उद्या रांग कोण लावील? आणि सगळ्यांनाच हात आला तर त्याला विचारायला कोण येईल?" मग जरा नरमला. "तू तुझा खांदा सांभाळ. आतलं बाहेर काढू नको. तात्यांना पुढच्या वर्षी ऑर्डर पायजे ना?"

तात्यांची ऑर्डर म्हंजे माझी चूल. मी परत काथ्या भिजवायला बसले. दुपारपर्यंत बसले. मग चपला घातल्या आणि वरशाला गेले, चालत.

पार्वतीबाई ओटीवर मोड आलेले वाल सोलत होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये. बस. तू गणपतीवाली ना?"

मी सगळं सांगितलं. बल्ब, डोळा, मोटर, आंधळं असतं ते. त्या वाल सोलत राहिल्या. झाल्यावर म्हणाल्या, "म्हंजे तो देव नाय."

"देखावा हाय बाय. देव बाजूला हाय, लहान."

"मग मला आला तो?"

"कोणता?"

"गेल्या साली. पोराच्या डोळ्यात कंपनीत काहीतरी उडालं. पट्टी बांधलेली. डॉक्टर बोलत नव्हता. मी विचारलं, माझ्या पोराची नजर राहील का. हात आला. पट्टी सुटली, नजर राहिली. तो हात पण बल्बाचा?"

मी सुनेचा 'नाय' काढून घ्यायला गेले होते, आणि त्यांना वाटलं मी त्यांच्या पोराचे डोळे काढून घ्यायला आले. त्या म्हणाल्या, "तुझं खरं असेल गो. पण मी एक हात खरा आणि एक खोटा कसा धरू?"

आतनं सुमन पाणी घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं. मी निघाले तेव्हा वईच्या कुंपणापर्यंत आली. मला वाटलं आता बरं वाटलं असेल. ती म्हणाली, "काकी, तुम्ही आलात ते बरं केलंत. पण माझ्या पुढं सासूबाईंना आला, मागच्या बाईला आला. मलाच का नाय?"

"अगो, आताच सांगितलं ना, बल्ब."

"व्हय, बल्ब. पण बल्बाला तरी मीच का दिसले नाय?"

मला राग आला, तिचा नाय, कोणाचा ते कळत नव्हतं. परत ओटीवर गेले आणि पार्वतीबाईंना म्हटलं, "माझ्या सांगण्यावर जाऊ नका. संध्याकाळी या, पडद्यामागं बसवते, तुमच्या डोळ्यांनी बघा. आणि मग तुम्हाला करायचं ते करा."

"मला तिथं कोण बसू देईल?"

"मी बसवते."

त्या आल्या. एकट्या. दादा वर्गणीवाल्यांशी बोलत होता तेवढ्यात मी त्यांना मागनं आत घेतलं, माझ्या पाटावर बसवलं. पडद्याला एक भोक होतं, मोटरीची वायर जायची ते. तिथं डोळा लावला त्यांनी. दिवे लागलेले, रांग पार रस्त्यापर्यंत. मी त्यांच्या कानाशी बसले.

एक सासू आली, वाकली, हात आला. सून वाकली, नाय आला. सून घाईघाईनं पुढं गेली.

दुसरी. सासूला आला. सुनेच्या कडेवर पोर, ती पोरासकट वाकली. नाय आला.

पार्वतीबाई पुटपुटल्या, "हिला तर पोर हाय."

तिसरी सून पोटुशी, दिवस भरत आलेले, वाकायला येईना, लांबूनच हात जोडले. नाय आला. तिच्या सासूचं तोंड उतरलं, तिनं पोटाकडं बघितलं. त्या बाईला घरी जाऊन काय काय वाटलं असेल, देवाला ठाऊक. 

पार्वतीबाईंनी डोळा काढला. म्हणाल्या, "सगळ्यांच्याच सुना का गो?"

"सगळ्यांच्याच."

मग परत डोळा लावला. दारुडा आला, त्याला हात आला, तो रांगेला काय बोलायचं ते बोलला. पार्वतीबाई हसल्या नाय. खूप वेळ बघत राहिल्या. शेवटी गुडघ्याला हात लावून उठल्या आणि मोटरीकडं बघून म्हणाल्या, "आवाज कुठनं येतो?"

मी टेप दाखवली. त्यांनी तिला बोट लावलं. गरम होती. बोट पदराला पुसलं आणि मागनं निघून गेल्या. मला वाटलं झालं, आता ह्या बाईचा देव पण गेला आणि सून पण.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी रांगेत. मी समईजवळ तडकलेला पाट सारखा करत होते. लोकांनी ओळखलं. "तीच ती." "परत आणलीन?" "तिसऱ्यांदा विचारतात काय?" ज्या चार शेजारणी तेव्हा होत्या, त्यातल्या दोघी आज पण मागं होत्या, त्या पुढं सरकल्या, नीट दिसावं म्हणून. दादा पण आला, त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

पाटापाशी आल्यावर पार्वतीबाई थांबल्या. म्हणाल्या, "सुमन, तू पुढं हो."

सुमन बघतच राहिली. सासूच्या आधी? मागनं एक म्हातारी बोलली पण, "अगो, तू मोठी, तू आधी."

"पुढं हो म्हटलं ना. आणि जवळ जा. डोकं टेक."

सुमननं पाटावर डोकं टेकलं. उजेड तुटला. मोटर घरघरली, माझा भरलेला खांदा शेल्याखाली कचकन बोलला, हात वर गेला. "कल्याण असो!" रांगेतनं एक हुंकार निघाला, जसा माणसं श्वास धरून ठेवतात आणि सोडतात तसा. सुमन उठली नाय, तिचे खांदे हलत होते. मी तिला दंडाला धरून बाजूला घेतली.

हात अजून वरच होता. आणि पार्वतीबाई वाकल्या. 

मी तोंड उघडलं, "थांबा," म्हणायला. काल त्यांनी बघितलं होतं सगळं, डोळा लावून बघितलं होतं. मी म्हणेपर्यंत त्या वाकून उठल्या पण. हात हळूहळू खाली आला आणि मांडीवर बसला. टेप गप्प.

"सासूला नाय!" कोणीतरी मोठ्यानं बोललं. एवढी माणसं, आणि समईतला बल्ब बारीक गुणगुणतो ते ऐकू येत होतं.

पार्वतीबाईंनी पदर सारखा केला, वळल्या आणि शेजारणींना म्हणाल्या, "मला कशाला येईल? मला काय आता पोर व्हायचंय?"

सगळा मांडव हसला. दादा हसला, भटजी घंटा धरून हसले, ती म्हातारी तर खाली बसली हसून. दोन वर्षांत त्या मांडवात असं कोणी हसलं नव्हतं. त्या हसण्यातनंच पार्वतीबाई सुनेचं मनगट धरून गेल्या.

मी मागनं धावले. रस्त्यावर गाठलं. विचारलं, "बाय, तुम्ही मुद्दाम लगेच वाकलात का?"

"लगेच वाकले का मी?" त्या म्हणाल्या. "असेल. गुडघे दुखतात, रांगेत फार उभं राहवत नाय."

त्यांच्या तोंडावरून काय कळलं नाय. ह्यावर मी पुष्कळ विचार केला. मुद्दाम केलं असेल तर त्यांनी पोराच्या डोळ्यांचा हात स्वतःच्या हातानं खोटा केला, चारचौघांत. आणि विसरून केलं असेल तर त्यांना खरंच वाटलं असेल, की देवानं आपल्याला नाय म्हटलं, आणि ते त्यांनी हसून घेतलं. दोन्हीपैकी कुठलं मोठं, ते मला ठरवता येत नाय. मला वाटतं त्यांना पण ते ठरवता आलं नसतं.

सुमनला माहेरी पोचवली नाय. गौरी गेल्या, गणपती गेले, दुसरी बघायची बोलणी जिरली. कारण आता गाव म्हणायला लागलं होतं, हिला हात आलाय, हिला काढाल तर पाप. म्हंजे ज्या बल्बानं तिला घालवलं असतं त्याच बल्बानं ठेवलं. ह्याच्यात न्याय कुठला ते शिकलेल्या माणसांनी बघावं.

पुढच्या साली दादानं दुसरा देखावा आणला, उंदीर पळणारा. हात असलेली शेवटची मूर्ती सुमनच्या सालीच विसर्जनाला खाडीत गेली होती, माझा खांदा शेवटपर्यंत टिकला, पाण्यात गेल्यावर सुटला. मी कारखान्यात आणखी पुष्कळ वर्षं घासलं. 

ही गोष्ट मी कोणालाही सांगितली की माणसं पहिलं एकच विचारतात. नातीनं पण लिहिता लिहिता हात थांबवून तेच विचारलं, मग सुमनला पोर झालं का? मी वरशाला जाऊन-येऊन हाय, मला माहीत हाय. पण मी सांगत नाय. झालं म्हटलं तर तुम्ही म्हणाल, बघा, हात खरा होता. नाय म्हटलं तर म्हणाल, पहिले दोन 'नाय' खरे होते. तुम्ही पण रांगेतच उभे. ती वरशाला हाय, सासू गेली तेव्हा तिच्या तोंडात पाणी तिनंच घातलं, एवढं मी सांगते. नातीला पण एवढंच लिहायला सांगितलंय.